साथीनंतर मूल पुन्हा शाळेत जातंय: घरी आणि वर्गात काय करायचं, कोणत्या क्रमाने

१ डिसेंबर २०२१ ची सकाळ. गावातल्या शाळांचे पहिली ते चौथीचे वर्ग त्या दिवशी सुरू झाले. आमच्या शाळेच्या फाटकात दुसरीतला एक मुलगा आजीचा पदर धरून उभा होता. मी पुढे होऊन त्याला नावाने हाक मारली. त्याने आधी नुसतं ऐकून घेतलं, मग मान वर करून मला नीट न्याहाळलं आणि विचारलं, "तुमी फोनातल्या बाई व्हय?"

दुसरीत असूनही तो शाळेत पहिल्यांदाच येत होता. जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेलं. तेव्हापासून शाळा म्हणजे वडिलांच्या मोबाईलवर येणारा माझा आवाज आणि वहीचे काढून पाठवलेले फोटो. वडील रानात गेले की शाळाही रानात गेली.

मी सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यात कृष्णाकाठच्या एका गावात प्राथमिक शाळेत शिकवते. आमच्याकडे ऑगस्ट २०१९ मध्ये महापूर आला, मार्च २०२० मध्ये कोरोनाने शाळा बंद झाल्या, जुलै २०२१ मध्ये पुन्हा नदी गावात शिरली. त्यामुळे खंड पडलेल्या मुलांना परत वर्गात बसवण्याचा सराव आम्हाला नको तितका झाला आहे. त्यात माझ्या चुकाही बऱ्याच झाल्या. त्यातून एवढं कळलं, की "घाबरू नको" म्हणून कुणाची भीती जात नाही. पुढे काय होणार आहे, कोण असणार आहे, घरी कधी जायचं आहे हे ठाऊक असलं की मूल सैल होतं. खाली लिहिलेलं जवळजवळ सगळं याच एका गोष्टीसाठी आहे.

दोन आठवडे आधी: आधी झोप, मग बाकीचं

शाळा बंद असताना मुलांचं घड्याळ सरकतं. रात्री साडेअकरा-बारापर्यंत मोबाईल, सकाळी नऊला उठणं. अशा मुलाला सोमवारी अचानक सहाला उठवून अंघोळ घालून दप्तर अडकवलं, की ते रडतं आणि आपण म्हणतो, शाळेला घाबरलं. अर्ध्या वेळा ते नुसतं झोपमोडीने चिडलेलं असतं.

सहा ते बारा वर्षांच्या मुलाला दिवसाची नऊ ते बारा तास झोप लागते, तेरा ते अठराच्या मुलांना आठ ते दहा. साडेअकराला झोपणारं मूल साडेनऊवर आणायचं तर दर दोन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे घ्या. हिशेब केलात तर पंधरा-सोळा दिवस लागतात, म्हणून दोन आठवडे म्हणते. सकाळी उठवायची वेळही त्याच हाताने अलीकडे आणा. उठल्यावर अंगणात, उजेडात काढा. दुपारी तासन् तास झोपू देऊ नका, नाहीतर रात्रीचं गणित पुन्हा बिघडतं.

मोबाईलबद्दल एक विनंती. बऱ्याच घरांत शाळा सुरू झाली त्याच दिवशी मोबाईल काढून घेतला गेला. दीड वर्ष आपणच "घे, अभ्यास कर" म्हणून दिलेली वस्तू एका सकाळी गुन्हा ठरली. मग मुलाच्या डोक्यात हिशेब सरळ झाला: शाळा आली आणि मोबाईल गेला. दोन्ही बदल एकाच दिवशी करू नका. आधी झोपायच्या तासभर आधीचा मोबाईल बंद करा आणि तो घरात सगळ्यांचाच बंद करा, वडिलांचाही. जेवतानाचा पुढच्या आठवड्यात. शाळा सुरू होईल तेव्हा दिवसातला एक ठरलेला वेळ शिल्लक राहू द्या.

आठवडाभर आधी: शाळा दाखवून आणा

रिकाम्या शाळेत मुलाला एकदा फिरवून आणा. आमच्याकडे संध्याकाळी फाटक उघडंच असतं, नसेल तर मुख्याध्यापकांना फोन करा, कुणी नाही म्हणत नाही. नवा वर्ग कुठला, बाक कुठे, पाण्याची टाकी कुठे, घंटा कुठे टांगली आहे, सगळं दाखवा.

आणि संडास-मुतारी दाखवा. हे कुणी लिहीत नाही म्हणून मुद्दाम लिहिते. लहान मुलांची शाळेची भीती कितीदा तिथे असते! कडी लागत नाही, अंधार आहे, मोठी पोरं दार वाजवतात, नाडी सुटत नाही. मग मूल दिवसभर पाणी पीत नाही, दुपारपर्यंत डोकं दुखतं, आणि घरी गेल्यावर "शाळेत डोकं दुखतं" एवढंच सांगतं. मुलाला एकदा तिथे नेऊन कडी लावायला, उघडायला शिकवा. चड्डी-पँट अशी द्या की त्याची त्याला सोडता येईल.

जाण्यायेण्याचंही बघून ठेवा. नोव्हेंबर २०२१ मध्ये आमच्या भागात शाळा सुरू होत्या आणि एस.टी.चा संप चालू होता. आठवी-नववीच्या वाड्यावस्त्यांवरच्या मुली वडापने, म्हणजे माणसं भरून नेणाऱ्या खाजगी जीपने यायच्या, मिळालं तर. सकाळी वडाप मिळेल का, संध्याकाळी अंधार पडायच्या आत घरी पोचेन का, हीच चिंता घेऊन वर्गात बसलेल्या मुलीला धडा काय कळणार? येण्याची सोय, जाण्याची सोय आणि ती चुकली तर कुणाला फोन करायचा, या तीन गोष्टी मुलीला तोंडपाठ हव्यात. नंबर दप्तरात कागदावर लिहून ठेवा.

काय सांगायचं आणि काय सांगायचं नाही

माझी चूक सांगते. त्या डिसेंबरात पहिल्याच दिवशी मी वर्गाला ठासून सांगितलं, "आता शाळा बंद होणार नाही." पोरांनी टाळ्या वाजवल्या. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ओमायक्रॉनच्या लाटेत शाळा पुन्हा बंद. २४ जानेवारीपासून पुन्हा सुरू करायला राज्याने परवानगी दिली, मुलं परत आली, आणि तिसरीतली एक मुलगी दप्तर पाठीवरून उतरवेचना. "परत बंद हुईल की." तिचं काही चुकलं नव्हतं. जे आपल्या हातात नाही त्याचं वचन मी दिलं होतं.

आता मी असं सांगते: "आज शाळा आहे. उद्याही आहे. बंद करायची वेळ आली तर तुम्हाला आधी मी सांगेन, आणि मग काय करायचं तेही सांगेन." एवढं मला पाळता येतं.

घरी बोलताना मुलाला आधी विचारा, "तुला काय काय कळलंय याबद्दल?" मुलांनी ओट्यावर, टपरीवर, टीव्हीवर काय काय ऐकलेलं असतं त्याचा आपल्याला पत्ता नसतो. मार्च २०२० मध्ये इस्लामपुरात रुग्ण सापडले तेव्हा लोक त्या गावाच्या नावालाही बिचकायला लागले होते. मोठ्यांचं ते वागणं मुलांनी पाहिलं आहे. चुकीचं काही सांगितलं तर हसू नका, रागावू नका, बरोबर ते दोन वाक्यांत सांगा.

सगळ्यात जड प्रश्न बहुधा झोपताना येतो: "मी शाळेतनं कोरोना आणला आन् आजी मेली तर?" त्या वयात मूल सगळ्याचा दोष स्वतःकडे घेतं. तेव्हा "असलं बोलू नये" म्हणून गप्प करू नका. त्याचं काम आणि आपलं काम वेगळं करून द्या: "हात धुणं, खोकला आला तर बाईंना सांगणं, एवढं तुझं काम. आजीची काळजी घेणं आम्हा मोठ्यांचं काम. आजीने लस घेतली आहे, डॉक्टर आहेत. आजारी पडणं ही कुणाची चूक नसते." हे एकदा सांगून भागत नाही. चार रात्री तोच प्रश्न आला तर चार रात्री तेच उत्तर, त्याच शब्दांत.

पहिला दिवस: फाटकापाशी

आदल्या रात्री दप्तर, कपडे, पाण्याची बाटली काढून ठेवा. सकाळी घाई नको म्हणून एवढंच, त्याचा सोहळा नको.

फाटकापाशी निरोप छोटा घ्या. मी एकेका आईला वीस-वीस मिनिटं उभी राहिलेली पाहिली आहे. एकदा जवळ घ्यायचं, "जाऊ मी?" विचारायचं, मूल रडलं की पुन्हा आत यायचं. "जाऊ मी?" हा प्रश्नच विचारू नका. मुलाने "नको" म्हटलं तर तुम्ही काय करणार? असं म्हणा: "मी आता जाते. शेवटची घंटा झाली की त्या लिंबाखाली उभी असेन." घड्याळ न कळणाऱ्या मुलाला वेळ सांगू नका, घडणारी गोष्ट सांगा: आधी प्रार्थना, मग पाढे, मग डबा, मग खेळ, मग लिंबाखाली आई. आणि घंटेच्या आधी पाच मिनिटं खरंच तिथे उभ्या राहा. पहिल्या आठवड्यात हे चुकलं तर मागचं सगळं वाया जातं.

मूल दुसरीकडे बघत असताना गुपचूप सटकू नका. त्या दिवसापुरता सुटकारा होतो, पण दुसऱ्या दिवसापासून मूल तुमच्यावरची नजर हलवत नाही.

बहुतेक मुलं आई दिसेनाशी झाली की थोड्या वेळात रडायची थांबतात. बाईंना सांगून ठेवा, शांत झालं की एक मेसेज टाका. आम्ही टाकतो. आईचा घरी चाललेला घोर कमी झाला की दुसऱ्या दिवशी तिचा हातही सैल असतो, आणि मुलाला ते हातातून कळतं. अगदीच बिलगणाऱ्या मुलाच्या खिशात आईचा रुमाल द्या.

शाळा सुटल्यावर

आधी खायला द्या. "आज काय शिकवलं?" हा प्रश्न तासभर लांबणीवर टाका. त्याला उत्तर "काय नाय" हेच येतं. विचारायचंच तर बारीक विचारा: डबा कुणाशेजारी बसून खाल्ला? आज कुणाला ओरडा बसला? घंटा कुणी वाजवली?

पहिले आठ-दहा दिवस मूल घरी आल्यावर कारण नसताना चिडेल, धाकट्याला मारेल, भाजीवरून रडेल. शाळेत दिवसभर आवरून धरलेलं घरी सुटतं. शाळेतून "फार शहाणा आहे हो" अशी तारीफ आणि घरी आदळआपट, असं दिसलं तर ते सोंग समजू नका. पाच वर्षांचं मूल पुन्हा अंथरूण ओलं करायला लागलं, अंगठा चोखायला लागलं, तर तेही काही दिवस चालवून घ्या. चारचौघांत बोलून दाखवू नका. मागे गेलेलं मूल पुन्हा पुढे येतं.

वर्गातले पहिले पंधरा दिवस (हे माझ्या सहकाऱ्यांसाठी)

अभ्यास मागे पडला होता हे खरंच. २०२१ च्या जुलैत राज्याने ४५ दिवसांचा सेतू अभ्यास दिला, त्यात चाचण्याही होत्या. सेतू लागतोच. पण दोन वर्षांनी बाकावर बसलेल्या मुलाच्या हातात पहिल्याच आठवड्यात चाचणीचा कागद दिला, तर त्याला एकच गोष्ट कळते, की आपल्याला काही येत नाही. कुणाला काय येतं ते खेळताना, गोष्ट सांगताना, फळ्यावर खडूने रेघोट्या मारतानाही समजतं. कागद दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात काढा.

दिवसाचा क्रम रोज फळ्याच्या एका कोपऱ्यात लिहा. वाचता न येणाऱ्यांसाठी चित्र काढा: घंटा, पुस्तक, डबा, चेंडू, घर. एकेक झालं की मुलांनीच पुसायचं. माझ्या वर्गात पुसण्यावरून भांडणं व्हायची. शेवटी फक्त घर उरलं की कुणी रडायचं नाही.

सकाळी हजेरीला "हजर बाई"ऐवजी मी हवामान विचारायचे. ऊन, ढग की पाऊस? ढग म्हणजे जरा बरं नाही, पाऊस म्हणजे रडू येतंय. कारण सांगायची सक्ती नाही. पाऊसवाल्याला मी डब्याच्या सुट्टीत खडू आणायला पाठवायचे आणि सोबत जायचे. वाटेत चार वाक्यं होतात. समोरासमोर बसवून "बोल काय झालं" म्हटलं तर मूल शिवलेल्या तोंडाने बसतं. चालताना, काहीतरी करताना बोलतं.

छातीत धडधडायला लागलेल्या मुलासाठी एक साधी युक्ती आहे. हातात गरम दुधाचा पेला आहे असं समजायचं. आधी नाकाने वास घ्यायचा, मग हळूहळू, साय न सांडता फुंकर घालायची. बाहेर सोडलेला श्वास आत घेतलेल्यापेक्षा लांब झाला की अंग शांत होतं. पाच-सहा वेळा पुरे. हे मूल घाबरलेलं नसताना शिकवून ठेवा, ऐन रडण्यात नवीन काही शिकता येत नाही.

मधली सुट्टी कापू नका. "आधीच वर्ष गेलंय" म्हणून सुट्टीत पाढे घेणारे होते आमच्यातही. मुलं सगळ्यात जास्त मुकली होती ती एकमेकांना. पहिल्या दिवशी माझी पोरं मैदानात नुसती उभी होती, जिबली खेळायची तर ठिक्कर कुठे टाकायचं यावरही एकमत होईना. चार दिवसांनी धुरळा उडाला.

एका दुपारी चार मुली व्हरांड्यात खेळत होत्या. एक आडवी पडलेली, दुसरीच्या हातात झाडूची काडी. "नाकात घालायची हाय, हलू नको." तिसरी बाजूला, "तू लांब हो, तू क्वारंटाईन." माझ्याबरोबरच्या बाई थांबवायला निघाल्या, अपशकुनी वाटलं त्यांना. मी राहू द्या म्हटलं. (काडी मात्र काढून घेतली.) जे अंगावरून गेलं ते मुलं खेळून बघतात, या वेळी हुकूम त्यांचा चालतो, म्हणून भीती उतरते. दोनच गोष्टींवर लक्ष ठेवायचं: दर वेळी एकाच मुलीला आजारी करतात का, आणि खेळ संपल्यावर मुलं हसत उठतात की जास्तच गप्प होतात. एकाच मुलीला कोपऱ्यात बसवत असतील तर तो खेळ राहिलेला नसतो.

नियमांचं ओझं मुलांवर टाकू नका. एका मुलीला मास्कवर "मॉनिटर" नेमलं गेलं आणि आठवड्यात तिच्याशी कुणी बोलेना. पाच वर्षांखालच्या मुलांना मास्कची गरज नाही असं आरोग्य खात्याचं सांगणं होतं, पण अंगणवाडीतल्या बाळांनाही हनुवटीवर मास्क बांधून पाठवत. अक्षरओळख करून देताना बाईंचं तोंड दिसावं लागतं, "प" आणि "त" यांतला फरक मुलं ओठांवरून ओळखतात. मी तेवढ्यापुरती दारात, मोकळ्या वाऱ्यात लांब उभी राहून मास्क खाली घ्यायचे.

पोटदुखी

"बाई, पोटात दुखायलंय." सकाळी साडेदहा ते बाराच्या मधे हे वाक्य मी त्या वर्षी किती वेळा ऐकलं याची गणती नाही. पोट खरंच दुखतं, मूल खोटं बोलत नसतं. मनाला लागलेलं लहान मुलाच्या पोटात, डोक्यात उतरतं. म्हणून आधी डॉक्टरांना दाखवाच. ताप, उलटी, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, वजन घटणं असेल तर ते शरीराचंच दुखणं समजा. डॉक्टर "काही नाही" म्हणाले की मग एक वही घाला: वार, वेळ, किती वेळ दुखलं, आधी काय घडलं.

चौथीतल्या एका मुलीची अशी वही आम्ही ठेवली. रविवारी दुखत नव्हतं, शनिवारी सकाळच्या शाळेलाही नाही. दुखायचं ते दुपारी, आणि तेही आई कामावर जायची त्याच दिवशी. वडील आजारी होते तेव्हा घरात आजीजवळ हीच बसायची, पाणी द्यायची, ताप बघायची. आता घरात आजी एकटी. आपण नसताना आजीला काही झालं तर, हे तिच्या पोटात होतं. तिच्या आईला हे माहीतच नव्हतं.

मग ठरवलं: डब्याच्या सुट्टीत माझ्या मोबाईलवरून आजीला फोन, दोन मिनिटं. पहिला आठवडा रोज. दुसरा आठवडा एकाआड एक दिवस. तिसऱ्यात फक्त बुधवारी. त्यानंतर तीच म्हणाली, "ऱ्हाऊ दे बाई, आजी झोपलेली असती." कमी करत आणणं महत्त्वाचं. रोजचा फोन कायम ठेवला असता तर त्या फोनाशिवाय तिला चैन पडलं नसतं. आणि पोट दुखलं म्हणून तिला घरी मात्र एकदाही पाठवलं नाही. वर्गातच चटईवर दहा मिनिटं पडू द्यायचे, मग बाकावर.

"जायचंच नाही" म्हणणारं मूल

इथे घरचे दोन टोकांना जातात. एक घर मारत-ओढत आणतं, दुसरं "राहू दे, लहान आहे" म्हणून घरी ठेवतं. मारलेलं मूल आलं तरी वर्गात नसतंच. घरी ठेवलेल्याला त्या दिवशी हायसं वाटतं, म्हणूनच दुसरा दिवस आणखी जड जातो. दर सुट्टीने भीतीला खतपाणी मिळतं.

मधला रस्ता पायऱ्यांचा. पहिले दोन दिवस फक्त फाटकापर्यंत येऊन परत. मग प्रार्थनेपुरतं. मग डब्याच्या सुट्टीपर्यंत. मग पूर्ण दिवस. एक पायरी अंगवळणी पडली की दुसरी. उलटं सुरू केलं तरी चालतं: दुपारच्या खेळाच्या तासाला आणायचं आणि तिथून मागे सकाळकडे जायचं. आमच्याकडे हेच जास्त लागू पडलं. घरी राहिलेल्या दिवशी मोबाईल, टीव्ही, गोडधोड नाही, शाळेच्या वेळात घरीही वहीपुस्तकच. ही शिक्षा नसते, घर शाळेहून गोड वाटू नये एवढाच हेतू.

आणि कारण शोधा. एखादं पोर चिडवतंय का, वाचता येत नाही याची लाज वाटतेय का, घरात भांडणं चालली आहेत आणि आईला एकटं सोडवत नाही का. ऊसतोडीच्या टोळीबरोबर आलेल्या मुलांना तर गाव, शाळा, बोली सगळंच परकं असतं. त्यांच्या नशिबी दर दिवाळीनंतर नवा पहिला दिवस.

ज्याच्या घरातलं माणूस गेलं आहे

असं मूल वर्गात येण्याआधी बाईंना घरातून कळलं पाहिजे. त्या मुलाला विचारून वर्गाला सांगा: काय सांगू, किती सांगू? आणि हजेरीपत्रक, फॉर्म, सूचना यांतले शब्द बघा. "उद्या आईवडिलांना घेऊन या" याऐवजी "घरातल्या मोठ्या माणसाला" म्हणा. फुकट होण्यासारखं आहे आणि एका मुलाचा दिवस वाचतो.

घरी "बाबा गावाला गेलेत", "आजोबा झोपलेत" असं सांगू नका. मूल वाट बघत राहतं, किंवा झोपायला घाबरतं. "बाबा वारले. त्यांचं शरीर बंद पडलं, ते परत येणार नाहीत" हे ऐकायला कठोर आहे, पण मुलाला पुन्हा पुन्हा फसल्यासारखं वाटत नाही. कोरोनात अनेक मुलांना शेवटचं दर्शनही मिळालं नाही. नंतर का होईना, फोटोपुढे फूल वाहणं, त्यांच्या हातचं झाड, त्यांच्या आवडीचा पदार्थ, असं काहीतरी मुलाच्या हातून करून घ्या. मूल अर्धा तास रडून पुन्हा खेळायला गेलं तर "याला काही वाटत नाही" म्हणू नका, मुलं दुःख असं तुकड्यातुकड्यानेच घेतात.

एक किंवा दोन्ही पालक गेलेल्या मुलांसाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे, दर महिन्याला मदत मिळते. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात. मुख्याध्यापकांकडून बोनाफाईड लगेच घ्या.

नववी-दहावीची मुलं

ती रडत नाहीत, म्हणून सुटून जातात. मधल्या काळात कुणी गॅरेजवर, कुणी पोल्ट्रीवर, कुणी द्राक्षाच्या छाटणीला गेलं, हातात पैसे आले. अशा मुलाला पुन्हा बाकावर बसवून "गप्प बस" म्हटलं तर तो कशाला बसेल? त्याने काय काम शिकलं ते वर्गात सांगायला लावा, पगाराच्या हिशेबावरच गणित घ्या. मुलींच्या बाबतीत लग्नाची कुजबुज ऐकू आली तर थांबू नका, १०९८ या चाइल्डलाइनच्या नंबरला फोन करा.

परीक्षेची भीती वेगळीच होती. २०२१ ला दहावीची लेखी परीक्षाच झाली नाही, २०२२ ला झाली, आणि मुलांची लिहायची सवय मोडलेली. हात दुखायचा, वेळ पुरायचा नाही. रोज दहा मिनिटं सलग लिहिणं, दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवत तासावर नेणं. "मन लावून अभ्यास कर" यापेक्षा हे ऐकायला मुलं राजी असतात.

डॉक्टरांकडे कधी, कुठे

वर लिहिलेलं नेटाने करूनही दोन-तीन आठवड्यांत काहीच फरक नसेल, झोप-जेवण उडालं असेल, आवडत्या खेळातही मन नसेल, मूल कुणाशीच बोलत नसेल, तर थांबू नका. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, सांगलीचं सिव्हिल, साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालय, इथे केसपेपर काढून मानसोपचाराची चौकशी करा. घरातून बोलायचं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा नंबर १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. "वेड्याचा डॉक्टर" हा शब्द मुलासमोर काढू नका, आजीलाही आधी समजावून ठेवा.

मूल "मला जगायचं नाही" अशा अर्थाचं काही बोललं, वहीत लिहिलं, तर त्याच दिवशी हलायचं. सरळ विचारा, "मरायचे विचार येतात का?" विचारल्याने ते डोक्यात भरत नाहीत, उलट मुलाला सुटल्यासारखं वाटतं. एकटं सोडू नका. आणि आपल्याकडे द्राक्षाची, उसाची औषधं घराच्या कोपऱ्यातच असतात. ती त्याच दिवशी कुलपात किंवा दुसऱ्याच्या घरी हलवा.

शाळा पुन्हा बंद झाली तर

जानेवारी २०२२ च्या धड्यानंतर आम्ही हे आधीच ठरवून ठेवलं आहे. बंदची बातमी मुलांना व्हॉट्सॲपवरून कळण्याआधी वर्गात सांगायची. प्रत्येकाने निरोप घ्यायचा, मित्राचा नंबर वहीत लिहून घ्यायचा. वर्गातली एक वस्तू घरी न्यायची आणि परत येताना आणायची: कुणी खडूचा डबा, कुणी नकाशा, कुणी घंटा वाजवायची हातोडी. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी अकराला, प्रत्येक घरी फोन, अभ्यास विचारायला नाही, हवामान विचारायला. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्या दारात जायचं.

फोनातल्या बाईंना ओळखणारा तो मुलगा पुढच्या बंदमध्ये खडूचा डबा घेऊन गेला होता. शाळा उघडल्यावर पहिला तोच आला. डब्यात खडू निम्मेच होते. घराच्या भिंतीवर त्याने शाळा काढली होती.